धरायला जागा हवी: पेशींच्या बलाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात स्नायूंच्या आकुंचनाविषयी एक छोटे टिपण दिले होते. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो, इतकेच त्यात सांगितले होते. आलेल्या पत्रांवरून दिसते की तेवढ्याने वाचकांचे भागलेले नाही, आणि ते रास्तच आहे. कारण ‘सरकतात’ या एका क्रियापदाखाली आम्ही बरेच काही झाकून टाकले होते. कोण कोणाला ओढते, ओढण्याची ताकद कुठून येते आणि ओढलेले बल शेवटी जाते कुठे, या शंका बहुतेक पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत आल्या आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पेशीत चाके नाहीत, दोऱ्या-कप्प्या नाहीत. मग एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील रासायनिक ऊर्जेचे ‘ओढण्या’त रूपांतर होते तरी कसे? ‘ऊर्जा मिळते आणि प्रथिन हलते’ असे मी वर्गात सांगतो खरा, पण माझे स्वतःचेच समाधान होत नाही.
— विज्ञान शिकवणारे एक शिक्षक

समाधान होत नाही हे चांगलेच, कारण त्या वाक्यातून नेमका कळीचा भाग गळून पडतो. स्नायूतील मायोसिनच्या रेणूला दोन डोकी असतात. समजून घेण्यासाठी एकच पुरे. डोके अ‍ॅक्टिनच्या तंतूला पकडू शकते, आणि डोक्यामागे एक ताठ दांडा असतो, जो तरफेसारखा फिरतो. एटीपीचा रेणू डोक्यातील खाचेत येऊन बसला की सर्वांत आधी डोक्याची पकड ढिली पडते आणि ते तंतूपासून सुटते. मग खाचेतच एटीपीचे विघटन होऊन एडीपी आणि फॉस्फेट असे दोन तुकडे होतात, आणि त्या ओघात दांडा मागे जाऊन ताणलेल्या खटक्यासारखा सज्ज होतो. तुकडे अजून आतच असतात. या अवस्थेत डोके तंतूला पुन्हा, आधी हलकेच, चिकटते. पकड पक्की होते तसा फॉस्फेट बाहेर पडतो आणि दांडा सुमारे ७० अंशांतून फिरतो. हाच तो हिसका, आणि त्यात तंतू ५ ते १० नॅनोमीटर सरकतो. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) शेवटी एडीपीही निघून जातो आणि डोके नवा एटीपी येईपर्यंत तंतूला घट्ट धरून बसते.

या क्रमातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट वर्गात मुद्दाम सांगण्यासारखी आहे: ओढून झाल्यावर पकड सोडण्यासाठी एटीपी लागतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते ते याचमुळे. एटीपीचा पुरवठा थांबतो, डोकी जिथे पकडून असतात तिथेच अडकतात, आणि पुढे प्रथिनेच विघटित होऊ लागेपर्यंत हा ताठरपणा जात नाही. ऊर्जा संपली की यंत्र सैल पडेल, अशी आपली सहज कल्पना असते. येथे ते जखडून बसते.

ऊर्जेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पेशीतील परिस्थितीत एटीपीच्या एका रेणूपासून साधारण ८० ते १०० पिकोन्यूटन-नॅनोमीटर इतके कार्य करून घेता येईल एवढी ऊर्जा मिळते. पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. याउलट भोवतालच्या पाण्याच्या रेणूंचे जे धक्के मायोसिनला सतत बसत असतात, त्यांच्या ऊर्जेचे मोजमाप याच एककात ४ च्या आसपास येते. म्हणजे एटीपीचा झटका उष्णतेच्या धक्क्यापेक्षा वीस-पंचवीस पट मोठा आहे. गोंधळात हरवणार नाही इतका मोठा, पण गोंधळाकडे दुर्लक्ष करता येईल इतका नाही. त्यामुळे मायोसिनला दातेरी चाकाची उपमा द्यावी की नाही, याबद्दल आम्हाला शंका आहे. चाक नेमून दिलेल्या वाटेने फिरते. मायोसिनचे डोके मात्र थरथरत, चाचपडत योग्य जागा शोधते, आणि एटीपीचे विघटन फक्त एवढीच तजवीज करते की सापडलेली जागा मागच्या बाजूची नसून पुढच्या बाजूची असेल.

इतिहासाचे दोन शब्द. मायोसिन एटीपीचे विघटन करते हे १९३९ मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा यांनी दाखवले. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्रॉब यांनी अ‍ॅक्टिन वेगळे काढले. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धान्त १९५४ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र निबंधांतून आला: एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते. विद्यार्थी मात्र त्यांना हटकून भाऊ समजतात.

प्रश्न : एका रेणूचे बल पिकोन्यूटनमध्ये मोजले, असे वाचतो. एवढ्या लहान वस्तूला काटा लावायचा कुठे?
— अभियांत्रिकीचे एक विद्यार्थी

प्रकाशाचाच काटा लावतात. लेसरचा झोत भिंगाने अगदी लहान ठिपक्यावर एकवटला, तर पाण्यातला सूक्ष्म मणी त्या ठिपक्याशी खेचून धरला जातो. मणी मध्यापासून जितका सरकेल तितके त्याला परत ओढणारे बल वाढते, म्हणजे तो झोत अत्यंत नाजूक स्प्रिंगसारखा वागतो. आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा प्रकाशाचा चिमटा दाखवला आणि २०१८ मध्ये अ‍ॅश्किन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मायोसिनसाठीची मांडणी अशी असते: अ‍ॅक्टिनच्या एका तंतूची दोन टोके दोन मण्यांना चिकटवायची, दोन्ही मणी दोन चिमट्यांत धरून तंतू दोरीसारखा ताणायचा, आणि तो काचेवर पक्क्या बसवलेल्या तिसऱ्या मण्यावर अलगद टेकवायचा. तिसऱ्या मण्यावर मायोसिन इतके विरळ लावलेले असते की एका वेळी एकच रेणू तंतूपर्यंत पोचावा. पडद्यावर मण्यांची थरथर दिसत राहते. मध्येच ती एकदम दबते आणि मणी किंचित बाजूला सरकून थांबतो. मायोसिनने तंतू पकडला. थोड्या वेळाने थरथर पुन्हा मोकळी होते. १९९४ मध्ये फायनर, सिमन्स आणि स्पुडिच यांनी अशा नोंदींवरून एका हिसक्याची लांबी सरासरी ११ नॅनोमीटर आणि बल ३ ते ४ पिकोन्यूटन असल्याचे सांगितले. लांबीचे आकडे पुढच्या मोजमापांत थोडे खाली आले. पेशीत माल वाहून नेणाऱ्या कायनेसिन या प्रथिनाची ८ नॅनोमीटरची पावले त्याच्या एक वर्ष आधी याच युक्तीने मोजली गेली होती.

प्रश्न : तीन-चार पिकोन्यूटनपासून भरलेली बादली उचलण्यापर्यंत मजल कशी जाते? नुसती बेरीज का?
— एक वाचक

बेरीज आहे, पण ती दोन दिशांना वेगवेगळी होते, आणि इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. स्नायूचा सर्वांत लहान आकुंचन पावणारा तुकडा, म्हणजे सार्कोमिअर, सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर लांब असतो. (मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर.) त्यातील मायोसिनच्या प्रत्येक जाड तंतूवर ३०० च्या आसपास रेणू असतात. त्यांतले निम्मे एका बाजूला ओढतात, निम्मे दुसऱ्या. हे तुकडे एकापुढे एक जोडले तर साखळी बनते, आणि साखळीत बल वाढत नाही. दहा सेंटिमीटरच्या स्नायुतंतूत असे ४० हजार तुकडे एका रांगेत असले, तरी टोकाला मिळणारे बल एका तुकड्याइतकेच. वाढते ते अंतर: प्रत्येक तुकडा अर्धा मायक्रोमीटर आखडला की रांग २ सेंटिमीटरने आखडते. बल वाढायचे तर तंतू शेजारी शेजारी हवेत. स्नायूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदात जाड तंतूंची संख्या पाच हजार कोटींच्या घरात जाते, आणि प्रत्येकाने काहीशे पिकोन्यूटनने ओढले की २० ते ३० न्यूटन होतात. लांब स्नायू जास्त अंतर आणि जास्त वेग देतो, जाड स्नायू जास्त बल देतो, यामागचे गणित एवढेच आहे.

प्रश्न : स्नायू नसलेल्या पेशीही सरपटतात. त्यांच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिनचे तंतू ‘वाढतात’ आणि पटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण, ढकलतात असे म्हणतात. वाढणे म्हणजे ढकलणे कसे? भिंतीला टेकवलेल्या विटांच्या रांगेत शेवटची वीट घालायला फट लागतेच.
— जैवतंत्रज्ञानाच्या एक विद्यार्थिनी

आपली विटेची उपमा इतकी नेमकी आहे की उत्तर तिच्यातच आहे. फट लागते, आणि फट निर्माण करण्याचे काम उष्णतेचे धक्के करतात. पटल स्थिर नसते, ते सतत थरथरते. तंतूचे टोकही लवते. या थरथरीत कधीतरी टोक आणि पटल यांच्यामध्ये पुरेशी जागा मोकळी होते, तेवढ्यात अ‍ॅक्टिनचा एक रेणू तिथे येऊन बसतो आणि तंतू २.७ नॅनोमीटरने लांबतो. पटलाला आता मागे यायला जागा राहत नाही. चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ओस्टर यांनी १९९३ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिले. पुढे जाऊ देणारा आणि मागे येऊ न देणारा हा खटका एका तंतूमागे काही पिकोन्यूटनचे बल देऊ शकतो. ऊर्जा येते ती मोकळ्या अ‍ॅक्टिनच्या तंतूला चिकटण्याच्या ओढीतून. अ‍ॅक्टिनला जोडलेल्या एटीपीचे विघटन त्यानंतर होते, आणि त्याचा उपयोग जुना तंतू मोडून माल परत वापरात आणण्यासाठी होतो.

एक अडचण उरते. अ‍ॅक्टिनचा तंतू फक्त ७ नॅनोमीटर जाड असतो. लांब वाढू दिला तर ढकलण्याऐवजी तो वाकतो. म्हणून पेशी तंतू आखूड ठेवते आणि त्यांना फांद्या फोडते. एआरपी २/३ नावाचा प्रथिनसमूह जुन्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवा तंतू सुरू करतो, आणि असे असंख्य आखूड फाटे एकमेकांना आधार देत पटलाशी भिडतात. हीच यंत्रणा लिस्टेरिया नावाचा जिवाणू लुबाडतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या पाठीशी पेशीचेच अ‍ॅक्टिन जमवायला लावतो आणि धूमकेतूसारखी शेपटी मागे सोडत पुढे ढकलला जातो. १९९९ मध्ये मोजकी शुद्ध प्रथिने आणि एटीपी एवढ्यावरच ही धाव परीक्षानळीत घडवून दाखवली गेली. त्या मिश्रणात मायोसिन नव्हतेच. ढकलण्यासाठी ओढणाऱ्या रेणूंची गरज नाही, हे त्यातून निर्विवाद ठरले.

प्रश्न : पेशीतील मायोसिनने आतल्या आत ओढले तर पेशी स्वतःभोवतीच आक्रसून जाईल. ते बल बाहेरच्या जगापर्यंत, शेजारच्या पेशीपर्यंत पोचते कसे?
— तीन वाचकांनी थोड्याफार फरकाने विचारलेला प्रश्न

आमच्या मते या विषयातला हाच खरा प्रश्न आहे. बल निर्माण करणे पेशीला तुलनेने सोपे जाते. ते कुठे धरायचे, हे अवघड. रस्सीखेचीत हात कितीही बळकट असले तरी पाय घसरत असतील तर दोर हलत नाही. पेशीचे नेमके तसेच होते. तिच्या पुढच्या कडेला वाढणारे अ‍ॅक्टिनचे जाळे मायोसिनच्या ओढीने सतत मागे, केंद्रकाच्या दिशेने, वाहत असते. ते जमिनीशी जोडलेले नसेल तर सगळी ओढ या मागे वाहण्यातच खर्च होते आणि पेशी जागच्या जागी राहते. जोडले गेले की जाळ्याचा वेग मंदावतो, ओढ जमिनीवर पडते आणि पेशी पुढे जाते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८८ मध्ये याला मोटारीतील क्लचची उपमा दिली आणि ती रूढ झाली.

हा क्लच अनेक प्रथिनांचा मिळून होतो. पटलातून आरपार गेलेली इंटिग्रिन ही प्रथिने बाहेरच्या बाजूने पेशीभोवतीच्या जाळ्यातील फायब्रोनेक्टिन, कोलॅजन यांसारख्या तंतूंना धरतात. आतल्या बाजूला त्यांचे टोक टॅलिन नावाच्या लांबट प्रथिनाच्या हाती असते, आणि टॅलिनची दुसरी बाजू अ‍ॅक्टिनला धरते. टॅलिनकडे थोडे जवळून पाहू. त्याचा दांडा १३ लहान गाठोड्यांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक गाठोडे म्हणजे चार-पाच सर्पिल पट्ट्यांची घट्ट मोळी. दोन्ही टोकांनी ताण आला की यांतली सर्वांत कच्ची मोळी ५ पिकोन्यूटनच्या आसपास उलगडते. तिच्या आत विनक्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटण्याच्या जागा दडलेल्या असतात. उलगडताच त्या उघड्या पडतात, विनक्युलिन येऊन बसते आणि अ‍ॅक्टिनला आणखी एक हात देते. मायोसिनचे दोन-तीन रेणू लावू शकतील एवढ्या ताणाने एक कुलूप उघडते आणि सांधा आपोआप मजबूत होतो. जिथे ओढ नाही, तिथे सांधा बळकट करण्याचा खर्चही नाही.

इंटिग्रिनची पकडही काहीशी उफराटी असते. साधा बंध ओढला की लवकर तुटतो. फायब्रोनेक्टिनला धरणाऱ्या एका इंटिग्रिनच्या बाबतीत मात्र एका मर्यादेपर्यंत ओढ वाढवली की बंध जास्त काळ टिकतो आणि त्यापलीकडेच तुटू लागतो. ताण आल्यावर आवळणारी गाठ जशी असते तसेच हे.

पेशी खरोखर किती ओढते, याचा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा १९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी दिला. सिलिकोनच्या घट्टसर द्रवावरून त्यांनी क्षणभर ज्योत फिरवली. त्यामुळे वर रबराची अतिशय पातळ साय धरली. तिच्यावर संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशी सोडल्या, तेव्हा प्रत्येक पेशीखाली साय चुरगळून सुरकुत्या पडल्या, ओल्या कागदावर बोटे रोवून ती जवळ आणल्यावर पडाव्यात तशा. त्यात एक विसंगती होती. सरपटण्यासाठी लागेल त्याच्या कितीतरी पट जास्त जोराने या पेशी ओढत होत्या, उलट चपळपणे फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींची ओढ क्षीण होती. फायब्रोब्लास्टची ती जादा ओढ भोवतालचे कोलॅजन ताणून, विंचरून मांडण्यासाठी असते, असा अर्थ हॅरिस यांनी लावला. स्नायुबंध आणि जखमेचे व्रण यांची घडण पाहता तो पटतो.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक सोपे गणित देतो. पंधरा मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीचे वजन २० पिकोन्यूटनहून थोडे कमी भरते, आणि द्रवात तरंगत असताना तर त्यातले जेमतेम एखादे पिकोन्यूटन उरते. तीच पेशी पृष्ठभागाला चिकटून ओढू लागली की तिचे एकूण बल शंभर नॅनोन्यूटनपर्यंत (एक नॅनोन्यूटन म्हणजे हजार पिकोन्यूटन) सहज जाते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच हजार पट. या जगात गुरुत्वाकर्षणाला फारसे कोणी विचारत नाही.

शेजारच्या पेशीशी सांधा जोडण्याचे काम कॅडहेरिन ही प्रथिने करतात. त्यांना ताठ राहण्यासाठी कॅल्शियम लागते; माध्यमातून कॅल्शियम काढून घेतले की पेशींचा अखंड थर सुटासुटा होऊ लागतो. आत कॅडहेरिन आणि अ‍ॅक्टिन यांच्यामध्ये अल्फा-कॅटेनिन असते, आणि तेही टॅलिनप्रमाणेच ताणाखाली उलगडून विनक्युलिनला बोलावते. प्रथिने वेगळी, डाव तोच. या सांध्यांमुळे पेशींचा थर एकसंध कापडासारखा वागतो आणि एका टोकाची ओढ अनेक पेशी ओलांडून पलीकडे जाते. भ्रूणात चेतानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) तयार होताना सपाट थराला जी घडी पडते, ती अशाच जोडलेल्या पेशींनी आपापले एक टोक आवळल्यामुळे. ओढ आतही जाते. केंद्रकाच्या दुहेरी आवरणातून आरपार गेलेली प्रथिने बाहेरच्या तंतूंना आतल्या लॅमिन या प्रथिनाच्या जाळीशी जोडतात, त्यामुळे पेशीच्या कडेला दिलेला हिसका केंद्रकाला जाणवतो. रासायनिक निरोपाला पसरत पसरत जावे लागते; ताणलेल्या तंतूवरून तो त्याहून फार लवकर पोचतो.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका मुलाला डुशेन हा स्नायूंचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, ‘स्नायूत ताकद निर्माण होते, पण ती धरून ठेवणारे प्रथिन नाही.’ याचा अर्थ काय?
— नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती असलेल्या एक वाचक

उपचारांबाबत काही सांगण्याचा आमचा अधिकार नाही. डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ तेवढा सांगतो. डिस्ट्रॉफिन हे लांब दोरीसारखे प्रथिन एका टोकाने पेशीतील अ‍ॅक्टिनला आणि दुसऱ्या टोकाने पटलातील प्रथिनांना धरते. ती प्रथिने पुढे बाहेरच्या जाळ्यातील लॅमिनिनला धरतात. स्नायू आखडताना पटलावर येणारा ताण या जोडणीमुळे बाहेर वाहून जातो. डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन जवळजवळ नसतेच. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन आपले काम करतात, पण प्रत्येक आकुंचनात पटलाला बारीक चिरा पडतात, त्यांतून कॅल्शियम आत शिरते आणि तंतू हळूहळू नष्ट होतो.

याच जनुकातील दोषांमुळे होणारा बेकर हा आजार तुलनेने सौम्य असतो. त्यात पुष्कळदा या दोरीचा मधला भाग गळालेला असतो, पण दोन्ही टोके शाबूत असतात. दोरी आखूड, पण दोन्हीकडे बांधलेली. डुशेनवर आखूड डिस्ट्रॉफिन पुरवण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांची मूळ कल्पना याच निरीक्षणावर उभी आहे.

त्वचेच्या एका आनुवंशिक आजारातही असेच घडते. केराटिन ५ किंवा केराटिन १४ या प्रथिनांत दोष असला की त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी साध्या घर्षणानेही फाटतात आणि फोड येतात. केराटिनचे तंतू कोणाला ओढत नाहीत. ते फक्त ताण सहन करतात.

प्रश्न : वनस्पतींना स्नायू नाहीत, त्यांच्या पेशी सरपटतही नाहीत. त्यांच्यात बल असते का?
— एक वाचक

असते, आणि प्राण्यांच्या पेशींना लाजवेल इतके असते. फक्त ते पाण्याच्या दाबाने येते. पेशीत क्षार आणि शर्करा साठल्या की पाणी आत शिरते आणि भिंतीवर दाब पडतो. हा दाब ३ ते १० वातावरणांइतका असतो, आणि मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच वातावरणे असतात, यावरून कल्पना यावी. भिंतीतील सेल्युलोजचे तंतू पट्ट्यांसारखे आडवे गुंडाळलेले असतील तर पेशी जाड न होता लांब होते, म्हणजे बल पाण्याचे आणि दिशा भिंतीची. भातावर करपा आणणारी बुरशी याच तत्त्वावर पानात घुसण्यासाठी ८० वातावरणांपर्यंत दाब निर्माण करते. लाजाळूचे पान मिटते तेही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतून क्षार आणि त्यांच्यामागून पाणी बाहेर पडल्यामुळे.

प्रश्न : मऊ पृष्ठभागावर ठेवलेली मूलपेशी चेतापेशीसारखी होते आणि कठीण पृष्ठभागावर ठेवलेली हाडाच्या पेशीसारखी, हे खरे आहे का?
— वैद्यकाच्या एक विद्यार्थिनी

२००६ मध्ये अ‍ॅडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले. रासायनिक माध्यम तेच ठेवून त्यांनी फक्त खालच्या जेलचा कठीणपणा बदलला. एक किलोपास्कलच्या आतल्या, मेंदूच्या ऊतीइतक्या मऊ जेलवर मानवी मूलपेशींनी चेतापेशींसारख्या शाखा काढल्या, दहाच्या आसपास स्नायूपेशींची लक्षणे दिसली आणि २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाच्या पेशींची. मायोसिनचे काम औषधाने बंद पाडल्यावर हा फरक नाहीसा झाला, आणि आमच्या दृष्टीने प्रयोगातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: कठीणपणा ओळखण्यासाठी पेशीला आधी ओढून पाहावे लागते. फळ पिकले की नाही हे आपण दाबून पाहतो, तशी पेशी खेचून पाहते.

मात्र ‘कठीणपणा पेशीचे भवितव्य ठरवतो’ असे सरसकट विधान उत्तरपत्रिकेत लिहू नये. जेलला प्रथिने किती घट्ट बांधलेली आहेत आणि ताणल्यावर जेल किती लवकर सैल पडते, यांचाही परिणाम होतो असे पुढे दिसून आले आहे. शिवाय ताण ओळखण्याचे आणखी मार्ग आहेत. पटल ताणले गेल्यावर उघडणाऱ्या पिएझो या आयन-मार्गिका (विद्युतभारित कणांना पटलातून वाट देणारी प्रथिने) २०१० मध्ये आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडल्या आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्या उघडण्यासाठी पेशीने स्वतः ओढावेच असे नाही. बाहेरून आलेला दाबही पुरतो.

प्रश्न : पेशीला ओढले तर तिला कळते का? (माझा मुलगा विचारतो, मला उत्तर देता आले नाही.)
— एक पालक

आपल्याला कळते तसे नाही, पण ओढ आहे की नाही यावर पेशी मोठे निर्णय घेते, आणि ते एका माणसाने खरोखर पेशीतले गुणसूत्र ओढून दाखवून दिले आहे. पेशी विभागताना गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीला पेशीच्या दोन विरुद्ध ध्रुवांकडून आलेले सूक्ष्मनलिकांचे (प्रथिनांच्या बारीक नळ्यांचे) धागे धरतात. जोडीतले दोघे दोन बाजूंना बांधले गेले तरच मध्ये ताण येतो. दोघेही चुकून एकाच बाजूला बांधले गेले तर ताण येत नाही, धागे सुटतात आणि पुन्हा प्रयत्न होतो. ब्रूस निकलस यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई नेऊन चुकीच्या बांधलेल्या जोडीला ध्रुवाच्या विरुद्ध दिशेने ओढून धरले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, सुईचा ताण होता तोवर चुकीची गाठ सुटली नाही.

१९९५ मध्ये ली आणि निकलस यांनी प्रार्थनाकीटकाच्या पेशी घेतल्या. या पेशींत कधी कधी एक एक्स गुणसूत्र जोडीदाराविना, एकाच ध्रुवाला बांधलेले राहते. त्याला दुसऱ्या बाजूने ओढणारे कोणी नसते, आणि पेशी विभागणी थांबवून तासन्‌तास वाट पाहते. त्यांनी त्या एकट्या गुणसूत्रात सुई अडकवली आणि जोडीदार जिथून ओढला असता त्या बाजूला ओढून धरले. तासाभराच्या आसपास पेशी विभागू लागली. जोडीदार तेव्हाही नव्हताच.